एकोणचाळीस मिनिटे

गास, ता. ८ जून १९५६

तीर्थस्वरूप हरेश्वरभावोजी यांस,

जगन्नाथचा साष्टांग नमस्कार. रुक्मीताईलाही नमस्कार, कारण वाचणार तीच. ताई, भावोजींना ओट्यावर बसव आणि सगळे वाच. तुझ्या सवयीप्रमाणे कंटाळवाणे म्हणून मधले गाळू नकोस.

आम्ही सर्व खुशाल. आनंदीचा खोकला गेला. वाडीतल्या केळींना यंदा पाणी पुरले. तुमची सुकेळी एव्हाना मांडवावरून उतरली असतील. ताईने गेल्या खेपेला दिलेली पुडी नव्या साहेबांना खायला दिली, तर त्यांनी विचारले, 'किती दिवसांच्या उन्हातली?' मी म्हटले, 'ते आमच्या भावोजींना विचारा, ऊन मोजणारा माणूस तो.' मग उगीच बोललो असे वाटले आणि विषय बदलला.

आगाशी इथून अडीच कोस. सायकलवर टांग टाकली तर तासाभरात तुमच्या ओट्यावर. तरी पत्र लिहितो आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. कामातून सवड नाही, असे लिहून पुढे जातो.

वेधशाळेत मोठी उलथापालथ चालू आहे. प्राणजीवन सेठच्या मुलांनी घुमट, दुर्बीण, दप्तर, सगळेच सरकारच्या हवाली करायचे ठरवले. पंधरा ऑगस्टला ताबा. त्याआधी सगळे नीट लावून द्यायचे म्हणून पुण्याहून नाडकर्णी नावाचे साहेब आले आहेत. तिशीतला माणूस. चहा पीत नाही, पान खात नाही, चूक मात्र लांबून हुंगतो. आल्या आल्या त्यांनी मला विचारले, 'इथे सूर्य कधी बघतात?' मी म्हटले, 'दिसला की.' त्यांनी ते वहीत टिपून घेतले. त्या दिवसापासून माझ्या जेवणातली चव गेली.

आता 'दिसला की' बंद. भिंतीवर तक्ता लागला आहे. सकाळी साडेआठ, अकरा, दुपारी अडीच. दुर्बिणीशी कोण, आभाळाच्या वहीशी कोण, एक आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, महिनाभर आधी ठरलेले. पुढच्या वर्षी जगातल्या वेधशाळा मिळून दीड वर्ष सूर्यावर पाळीपाळीने पहारा ठेवणार आहेत म्हणे. आपल्याकडे मावळला की पश्चिमेकडची माणसे उभी राहणार. त्या यादीत गासची चार इंची दुर्बीणही आहे! तुम्हीच म्हणायचा, सूर्य एकट्याने राखायची वस्तू नव्हे. मला तेव्हा ते बोलणे नाटकी वाटायचे.

आणि कार्डे आली आहेत. जाड कागदाची, हातभर नाही, वीतभर. चारी कडांना भोके. प्रत्येक भोकाचा एकेक अर्थ ठरलेला: हे भोक सकाळचे, हे डाग पुष्कळ असल्याचे, हे आभाळ बंद असल्याचे. ज्या दिवसाला जे लागू, तिथले भोक कडेपर्यंत कातरून टाकायचे. मग हजार कार्डांचा गठ्ठा हातात घ्यायचा, हव्या त्या भोकातून विणायच्या सुईसारखी लांब सुई आरपार घालायची आणि उचलायचे. कातरलेली कार्डे टपाटप खाली पडतात, बाकीची सुईवर राहतात. जे शोधायला आम्हांला आठवडा लागायचा, ते टेबलावर पडलेले असते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा टाळी वाजवली. साहेब म्हणाले, 'मास्तर, टाळ्या नकोत, कार्डे भरा.'

भरायला नंदाखालची क्लारा तुस्कानो आहे. टायपिंग येते, जीभ तिखट आहे, चूक होत नाही. तिला कळेना की डागांची चित्रे कशी काढली. मग तुम्ही मला अडतीस साली शिकवलेत तसेच शिकवले. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचे, दिसेल तो डाग पेन्सिलीने तिथल्या तिथे टिपायचा, दिसत नाही तो टिपायचा नाही, आणि घुमटातल्या घड्याळात बघून कोपऱ्यात वेळ लिहायची. 'दिसत नाही तो टिपायचा नाही' हे तिने दोनदा म्हणवून घेतले.

एकतीसपासूनची सगळी चित्रे कार्डांवर चढताहेत. फक्त तुमच्या शेवटच्या सव्वादोन वर्षांचे गठ्ठे, सेहेचाळीस जानेवारी ते अठ्ठेचाळीस मार्च, वेगळे ठेवले आहेत. त्यांवर त्या वेळच्या, मुंबईच्या मोठ्या साहेबांनी तांबड्या शाईने लिहिलेले आहे, तुम्हांला ठाऊक आहेच. 'अविश्वसनीय. वापरू नये.' नाडकर्णी साहेबांचे म्हणणे, जे वापरायचे नाही ते सरकारच्या गळ्यात कशाला घाला? यादी करा, सही करा, जाळून टाका. सही मुख्य निरीक्षकाची लागते. म्हणजे माझी.

सहाशे बारा कागद आहेत. सत्तेचाळीसच्या एप्रिलातले ते प्रचंड डागाचे चित्रही त्यात आहे. ताईला तुम्ही काजळी धरलेली काच देऊन अंगणात उभी केली होती, आणि नुसत्या काचेतून तिला तो डाग दिसला होता. चित्राच्या कोपऱ्यात वेळेखाली तुम्ही बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'रुक्मिणीनेही पाहिला.' हे मला आठवत नव्हते. त्यातले काही घरी हवे असेल तर कळवा, मी हळूच काढून ठेवीन.

मी काय करावे, असे विचारत नाही. नुसते कळवतो आहे.

मुलांचे तुम्हां उभयतांस नमस्कार.

आपला,
जगन्नाथ

*

गास, ता. २१ जुलै १९५६

तीर्थस्वरूप भावोजी यांस,

साष्टांग नमस्कार.

ताईचे पोस्टकार्ड महिन्यापूर्वीच पोचले. चारच ओळी, त्यातल्या दोन आनंदीच्या खोकल्यावरच्या औषधाच्या. शेवटी लिहिले होते, 'ते विचारतात, घुमटातले घड्याळ अजून चालते का? बाकी त्यांना तिथले काही नको.'

चालते. जयराम शिपाई दर शनिवारी त्याला चावी देतो. पूर्वी द्यायचा तशीच.

एवढेच लिहून पाकीट बंद करायचे असा माझा बेत होता. तीनदा बसलो, तीनदा उठलो. आता सांगतो ते क्रमाने सांगतो. उलटसुलट सांगण्यात मी हुशार आहे, हे मला कळून चुकले आहे.

तुमचे गठ्ठे जाळायच्या यादीवर मी सही केली नाही. टाळत राहिलो. एके दिवशी माझ्या माघारी क्लाराने ते उघडले आणि साहेबांना न विचारता त्यांची कार्डे केली. मला म्हणाली, 'मास्तर, वाईट काय आहे ते सुईला तरी बघू द्या.' तिने तुमच्या प्रत्येक चित्राची वेळ घेतली, त्या वेळी आभाळ कसे होते ते माझ्या आभाळाच्या वहीत पाहिले, बंद असेल तर 'बंद'चे भोक कातरले. मग सुई घातली. एकेचाळीस कार्डे खाली पडली. एकेचाळीस दिवस असे, की माझी वही म्हणते आभाळ भरलेले आहे आणि तुमचा कागद म्हणतो सूर्य दिसतो आहे. मोठ्या साहेबांना तेव्हा हाताने शोधून अकराच सापडले होते. त्या अकरांवर तुम्हांला घरी पाठवले. घरी बसून मनाने सूर्य काढणारा माणूस, असा शिक्का मारून.

मी म्हटले, 'बघ, आहे ना वाईट?' माझा आवाज मलाच बरा वाटला नाही.

ती कार्डे टेबलावर पसरून बसली. एकेक वेळ बोटाने तपासत म्हणाली, 'मास्तर, खोटं लिहिणारा माणूस कधी पुढं चुकेल, कधी मागं चुकेल. हे सगळे एकाच बाजूला चुकलेत. दर वेळी थोड्या वेळानं आभाळ उघडलेलंच आहे. ह्यांचं घड्याळ मागं होतं काय?'

मी म्हटले, 'एकोणचाळीस मिनिटे मिळवून बघ.'

'चाळीस का नाही?'

'एकोणचाळीसच.'

तिने माझ्याकडे पाहिले. मग सहाशे बारा कार्डे नव्याने केली. आठ दिवस लागले. मी शेजारी उभा होतो. तिने सुई घातली, गठ्ठा उचलला, हलवला, पुन्हा हलवला. एकही कार्ड पडले नाही. भावोजी, एकही नाही.

ती म्हणाली, 'साहेबांना तुम्ही सांगता की मी सांगू?'

रुक्मीताई, इथे जरा थांब. पाणी पी. पुढचे तू त्यांना वाचून दाखवणार आहेस, पण ते तुझ्यासाठी आहे. त्यांना यातले किती ठाऊक आहे, हे मला ठाऊक नाही. तुला काहीच ठाऊक नाही, एवढे नक्की. नाहीतर आठ वर्षे तू मला पाटावर बसवले नसतेस.

प्राणजीवन सेठ होते तोवर वेधशाळा मुंबईच्या वेळेने चालायची. स्टेशनच्या, म्हणजे सगळ्या देशाच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे. गावात तेव्हा निम्मी माणसे या वेळेने जेवायची, निम्मी त्या. लढाईत सरकारने घड्याळे पुढे ढकलली तीही सेठने मानली नाहीत. पंचेचाळीसच्या शेवटी सेठ गेले आणि मोठ्या साहेबांनी हुकूम काढला, एक जानेवारीपासून वेधशाळेतली तिन्ही घड्याळे स्टेशनच्या वेळेवर. ते राहत मुंबईला, येत शनिवारी. हुकूम पाळायचे काम माझ्याकडे.

कचेरीतले घड्याळ मी फिरवले. आभाळाच्या वहीच्या खोलीतलेही फिरवले. घुमटातल्या लंबकाच्या घड्याळाशी गेलो तेव्हा भावोजी म्हणाले, 'जगन, हे तेवढं ठेव. सूर्याचं अकरा वर्षांचं आवर्तन आत्ता कुठं सुरू झालंय. ते पुरं होईपर्यंत माळ तोडायला नको. साहेबांना विचार, नाही म्हणाले तर मी स्वतः फिरवतो.' मी विचारले नाही. शनिवारी साहेब तापलेले होते, कोणाला तरी काढून टाकण्याच्या गोष्टी करत होते. त्यांनी विचारले, 'झाली घड्याळे?' मी म्हटले, 'झाली.' वहीत लिहिले, 'तिन्ही घड्याळे बदलली,' खाली सही केली. आणि सोमवारी भावोजींना सांगितले, 'साहेब हो म्हणाले.'

इतकेच. दोन माणसांना दोन उत्तरे, दोघेही खूश. पुढे कधीतरी नीट करू असे मनात होते. मग विसरलो, हेही खरे आहे. रोज माझ्या वहीत एक वेळ आणि तुमच्या कागदावर दुसरी चढत गेली.

अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये साहेबांनी चिठ्ठी पाठवली, अकरा दिवस वही आणि चित्रे जुळत नाहीत, शनिवारी येऊन चौकशी करतो, हरेश्वर चुरी यांनी तयार असावे. त्या दिवशी मला सगळे एकदम आठवले. वेळा आठवल्या, वहीतली माझी सही आठवली. तुम्ही मात्र निर्धास्त होता. मला म्हणालात, 'घाबरतोस कशाला? घड्याळच दाखवू. ते अजून मुंबईच्या वेळेवर आहे, दोन मिनिटांत निकाल.'

गुरुवारी दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात. घुमटात कोणी नव्हते. घड्याळाच्या दाराच्या दोन किल्ल्या, एक तुमच्या कमरेला, एक माझ्या खणात. मी दार उघडले आणि मिनिटकाटा बोटाने पुढे ढकलला. एक वाजून पाच मिनिटांवरून एक चव्वेचाळीसपर्यंत. मध्ये दीडचा टोला पडला. एवढा मोठा वाजतो हे मला माहीत नव्हते. मी दार लावले, काचेवरचा बोटांचा ठसा धोतराने पुसला आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. ताई, त्या दिवशी आनंदीने बोंबलांचे कालवण केले होते. ते मी दोनदा वाढून घेतले.

तुम्ही घड्याळाकडे पाहिले असेल शुक्रवारी, असे मला वाटले होते. पण शुक्रवारी दिवसभर आभाळ बंद होते, घुमट उघडलाच नाही. शनिवारी तुम्ही साहेबांना हाताला धरून आत नेल्यासारखे नेलेत. साहेबांनी खिशातले घड्याळ काढले, भिंतीवरचे पाहिले. मिनिटाचाही फरक नव्हता. तुम्ही म्हणालात, 'हे आत्ता कोणी तरी...' आणि थांबलात. मग म्हणालात, 'मला परवानगी होती. जगन्नाथला विचारा.'

साहेबांनी मला विचारले. मी म्हटले, 'मला आठवत नाही.'

तुम्ही माझ्याकडे पाहत होता. मी फरशीकडे पाहत होतो. तुम्ही टोपी घेतलीत आणि गेलात. पंधरा दिवसांनी तुमच्या खुर्चीवर मी बसलो. ही नोकरी मला तुम्ही लावून दिली होती, तेही लिहितो, नाहीतर पुन्हा काहीतरी गाळल्यासारखे होईल.

पुढची आठ वर्षे मी दर भाऊबिजेला आलो. ताईने ओवाळले, करंज्या दिल्या, तुम्ही ओट्यावरून विचारलेत, 'काय जगन, आभाळ कसं होतं आज?' आणि मी सांगितले. तुमचे डोळे काचबिंदूने गेले, डॉक्टरांनी सांगितले तरी आगाशीच्या बाजारात लोक म्हणाले, खोटा सूर्य काढला त्याचे फळ. माझ्यासमोर म्हणाले. मी सुपारी घेऊन पुढे गेलो.

आठवड्यापूर्वी जयरामला सहज विचारावे तसे विचारले, 'जयराम, ते घुमटातले घड्याळ कधी बदलले रे?' तो चिंचेखाली जेवत होता. मान वर न करता म्हणाला, 'तुमीच बदलला ना. मी हितंच जेवत व्हतो. दीडचा टोला परला, आनि माजी भाकरी तवर अर्धी पन झाली नव्हती.' मी विचारले, मग इतकी वर्षे बोलला का नाहीस? तो म्हणाला, 'मना कोनी इचारलाच नाय.'

परवा एकोणीस तारखेला मी हे सगळे लिहून नाडकर्णी साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दोनदा वाचले. म्हणाले, 'खाली वेळ घातली नाहीत.' मी घातली. मग म्हणाले, 'हे कागद आता जळणार नाहीत. सगळे कार्डांवर चढतील, नावासकट. पण मास्तर, ही एकेचाळीस कार्डे खरी ठरली ती तुमच्या आभाळाच्या वहीच्या जोरावर. आता त्या वहीवर मी विश्वास का ठेवायचा?' ते स्वतःच म्हणाले, 'दुसरी वही नाही म्हणून ठेवतो.' सरकारकडे जायच्या माणसांच्या यादीत माझे नाव राहणार नाही. ते त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मी चांगला माणूस झालो म्हणून हे लिहिले, असे समजू नका. क्लाराने सुई घातली म्हणून लिहिले. ती नसती तर मी सहाशे बारा कागदांवर सही करून तुमच्याकडे सुकेळी खायला आलो असतो. अडीच कोस यायचे धैर्य आजही नाही, म्हणून पत्र.

तुम्ही ठरवाल ते मला मान्य.

अपराधी,
जगन्नाथ

*

आगाशी, ता. २ ऑगस्ट १९५६

जगन्नाथ यास,

रीतीप्रमाणे आशीर्वाद.

पत्र पोचले. तू सांगितलेस तसे त्यांना ओट्यावर बसवले आणि सगळे वाचले. एक अक्षर गाळले नाही.

जिथे थांब म्हणालास तिथे थांबले. ते म्हणाले, 'का थांबलीस? पुढचं मला ठाऊक हाय. पण वाच. त्यानं कसं लिहिलंय ते ऐकू दे.' मी वाचत गेले. माझ्याच तोंडाने मी माझ्या भावाचे ते वाचले. काट्याला बोट लावलेस ते, बोंबलांचे कालवण ते, सगळे. 'मला आठवत नाही' आले तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू पाठांतर म्हणणाऱ्या मुलाचे बरोबर आले. सुईचे मात्र पुन्हा वाचायला लावले. 'एकही नाही पडलं?' मी म्हटले, 'एकही नाही.' मग तिसऱ्यांदा वाचायला लावले.

मी विचारले, ठाऊक होते तर मला का नाही सांगितले? म्हणाले, 'किल्ल्या दोनच होत्या. तुझी आई तेव्हा अंथरुणावर होती. तुला सांगितलं असतं तर तुझं माहेर त्याच दिवशी बंद झालं असतं. माझी नोकरी गेली तेवढं पुरे.' आई गेल्यावर तरी सांगायचे. तर म्हणतात, 'तवर सवय झाली.'

त्यांना दिसत असताना मी एकदा त्यांना विचारले होते, तुम्ही खरेच ते डाग काढले ना? बाजारात ऐकून आले होते म्हणून विचारले. ते म्हणाले होते, 'काढले.' मी पुन्हा विचारले होते. बायको असून दोनदा विचारले. ते मला आता कोणत्या तोंडाने परत घेता येईल ते सांग.

तुझ्यासाठी त्यांचे दोन निरोप आहेत. पहिला, कार्डांवर त्यांनी लिहिलेली वेळ खोडून दुरुस्त करू नका. लिहिली तीच राहू द्या, शेजारी फरक लिहा आणि फरक कशाने पडला तेही लिहा. नंतरच्या माणसाला दोन्ही दिसले पाहिजे. दुसरा, एप्रिलचे ते चित्र घरी आणू नकोस. ते त्याच्या तारखेच्या जागी राहू दे. मी म्हटले होते आणू दे, त्यावर माझे नाव आहे. ते म्हणाले, 'म्हणूनच तर.'

त्यांनी तुला क्षमा केली आहे. हे त्यांनी मला लिहायला सांगितले, म्हणून लिहिले. भाऊबिजेला नेहमीसारखा ये, असेही सांगितले आहे. आभाळाचे विचारायला त्यांना दुसरे कोणी नाही.

आता माझे. आठ वर्षे मी पाटावर कोणाला ओवाळले ते तुला ठाऊक होते, यांना ठाऊक होते. फक्त जिच्या हातात तबक होते तिला नव्हते. तुम्ही दोघांनी मिळून मला आंधळी ठेवली. यांनी मायेने ठेवली, तू भीतीने. मला दोन्हींचा राग आहे, पण यांच्याबरोबर मला राहायचे आहे.

ते म्हणतात ये. मी म्हणते येऊ नकोस. यंदा नाही, पुढच्या वर्षीचे मला आज सांगता येत नाही. आनंदीला आणि मुलांना पाठव, त्यांच्यासाठी करंज्या असतील. हे पत्र यांना वाचून दाखवलेले नाही. त्यांना मी सांगणार आहे की, ये असेच लिहिले. तू आला नाहीस की ते समजतील, तुला तोंड दाखवायला लाज वाटली. तसेच समजू देत. त्यांनी मला आठ वर्षे जे दिले, तेच मी त्यांना देते आहे.

खाली ताई लिहायला गेले होते. हात वळला नाही.

रुक्मिणी हरेश्वर चुरी